डीटीएफ प्रिंटचे रंग खुलत का नाहीत? शाई वाढवण्याआधी करायचा हिशोब

टी-शर्ट छापणाऱ्या कुठल्याही दुकानात एक तक्रार हमखास ऐकू येते: "स्क्रीनवर रंग कसला भारी दिसत होता, कपड्यावर फिका आला." शिवजयंतीचा भगवा विटकरी दिसतो, भीमजयंतीचा निळा जांभळ्याकडे झुकतो, ढोल-ताशा पथकाच्या काळ्या टी-शर्टवरचा पिवळा मळकट वाटतो. यावरचं उत्तरही ठरलेलं असतं: शाई वाढवा. शाई वाढते, खर्च वाढतो, आणि पुष्कळदा रंग आणखी मंद होतो. मग दीडशे टी-शर्टची ऑर्डर परत येते. मिरवणुकीची तारीख काही पुढे ढकलता येत नाही, त्यामुळे तो माल कुणाच्याच कामाचा राहत नाही.

आज या तक्रारीकडे संशोधनाचा प्रश्न म्हणून बघूया. तुम्ही एम.टेक. किंवा पीएचडीची तयारी करत असाल, तर विषय छोटा वाटला तरी सरावाला उत्तम आहे. यात प्रकाशशास्त्र आहे, कोलॉइड आहे, कापड आहे आणि प्रयोगाची आखणीही आहे. शिवाय "रंग फिके येतात" हे वाक्य अगदी तसंच आहे, जसं आपण पहिल्या वर्षी गाइडसमोर ठेवतो. ते खरं असतं, पण त्यावर प्रयोग करता येत नाही. प्रयोग करता येईल असं वाक्य त्यातून कसं काढायचं, ते आपण टप्प्याटप्प्याने बघू.

आधी यंत्रात काय घडतं ते बघू

डीटीएफ म्हणजे डायरेक्ट टू फिल्म. यात कापडावर थेट छपाई होत नाही. लेप दिलेल्या पीईटी फिल्मवर आधी रंगीत शाई पडते: सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी. चित्र आरशातल्यासारखं उलटं छापलं जातं. त्या रंगांवर पांढऱ्या शाईचा थर येतो. शाई ओली असतानाच तिच्यावर चिकट पावडर भुरभुरतात आणि उष्णतेने ती वितळवून बसवतात. मग फिल्म कापडावर उपडी ठेवून हीट प्रेसखाली दाबतात, साधारण १५० ते १६५ अंश सेल्सिअसला, १० ते १५ सेकंद. शेवटी फिल्म सोलून काढली की चित्र कापडावर राहतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. फिल्म उलटल्यामुळे थरांचा क्रमही उलटतो. कापडावर सगळ्यात खाली चिकट थर, त्यावर पांढरा, आणि सगळ्यात वर रंग. म्हणजे आपण जो भगवा बघतो तो कापडावर नसतो, पांढऱ्यावर असतो. पुढचं जवळपास सगळं या एका वाक्यातून निघतं.

'उजळ' म्हणजे नेमकं काय?

दुकानदार 'उजळ', 'भडक', 'चमकदार', 'खुललेला' हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. तिथे ते चालतं. संशोधनात मात्र हे शब्द वेगळे करावे लागतात, कारण प्रत्येकाची कारणं वेगळी आहेत.

सीआयईने १९७६ साली सुचवलेली सीआयईलॅब पद्धत इथे उपयोगी पडते. तिच्यात प्रत्येक रंगाला तीन आकडे मिळतात. एल म्हणजे उजळपणा: ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा. ए हा हिरव्याकडून लाल दिशेला आणि बी हा निळ्याकडून पिवळ्या दिशेला जाणारा अक्ष. ए आणि बीच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की मिळतो क्रोमा, म्हणजे रंग करड्यापासून किती लांब गेला आहे ते.

आता "फिका" या एका शब्दामागे किती वेगळ्या गोष्टी असू शकतात बघा. एल जास्त आणि क्रोमा कमी असेल तर रंग दुधाळ दिसतो. एल कमी आणि क्रोमाही कमी असेल तर मळकट दिसतो. दोन्ही ठीक असून दिशाच बदलली असेल, तर भगव्याचा विटकरी झालेला असतो. तिन्ही तक्रारी दुकानात "रंग फिका आला" अशाच शब्दांत येतात, पण एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. म्हणून पहिलं काम उपाय शोधणं नाही, तक्रारीचे आकडे घेणं आहे.

प्रकाशाचा हिशोब

आता वही-पेन घ्या. छापलेला रंग स्वतः प्रकाश देत नाही. बाहेरचा प्रकाश शाईतून खाली जातो, पांढऱ्यावर आपटतो आणि पुन्हा शाईतूनच वर येतो. म्हणजे शाई दोनदा लागते, पांढरा एकदा.

एक लाल शाई घेऊ. समजा तिचा थर लाल प्रकाशातला ९० टक्के पुढे सोडतो आणि निळ्यातला फक्त २० टक्के. खालचा पांढरा थर दोन्हीतला ९० टक्के परत पाठवतो. मग परत येणारा लाल प्रकाश ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे सुमारे ७३ टक्के. निळा ०.२ × ०.९ × ०.२, म्हणजे ३.६ टक्के. दोघांतला फरक ६९. हा फरक जितका मोठा, तितका रंग खुललेला, असं ढोबळमानाने धरू.

आता पांढरा थर कमजोर करू. तो ९० ऐवजी ६० टक्केच प्रकाश परत पाठवतो. शाई तीच, तितकीच. लाल येतो सुमारे ४९ टक्के, निळा २.४. फरक ६९ वरून ४६ वर आला. रंगीत शाईच्या थेंबालाही हात न लावता एक तृतीयांश रंग गेला.

यावर दुकानातला उपाय करून बघू: शाई दुप्पट. पांढरा पुन्हा चांगला, ९० टक्क्यांचा. दुप्पट जाडीच्या थरातून लाल ०.९ × ०.९, म्हणजे ८१ टक्के पुढे जातो, निळा ४ टक्के. परत येताना तेच पुन्हा. शेवटी लाल उरतो ५९ टक्के, निळा ०.१. फरक ५९. म्हणजे शाई दुप्पट केली आणि फरक ६९ वरून ५९ वर घसरला!

उलट दिशेलाही बघा. शाई निम्मी केली तर लाल ८१ टक्के आणि निळा १८ टक्के परत येतो. फरक ६३. म्हणजे निम्म्या शाईला ६३, पूर्णला ६९, दुपटीला ५९. आलेख वर चढतो, माथा गाठतो आणि खाली उतरतो. शाई वाढवल्याने रंग खुलतो हे माथ्यापर्यंत खरं आहे. माथ्यापुढे तीच शाई, परत यायला हवा तो प्रकाशही गिळायला लागते.

हे मॉडेल फारच सोपं केलेलं आहे हे उघड आहे. खऱ्या थरात प्रकाश आत विखुरतो, शिवाय शाई सलग थरात नसून ठिपक्यांत असते. विखुरणं आणि शोषण एकत्र धरायचं असेल तर पॉल कुबेल्का आणि फ्रान्झ मंक यांचं १९३१ चं मॉडेल वाचा. ठिपक्यांसाठी नॉयगेबाउअर यांची १९३७ ची समीकरणं आणि यूल-नील्सन यांची १९५१ ची दुरुस्ती वाचा. पण ते वाचण्याआधी वरचे गुणाकार स्वतःच्या हाताने करून बघा. पेपरमधल्या समीकरणाचं उत्तर कुठल्या बाजूला झुकायला हवं, हे आधी माहीत असलं की वाचन निम्मं सोपं होतं.

पांढरा थर किती पांढरा आहे?

पांढऱ्या शाईतलं रंगद्रव्य म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. त्याच्या रूटाइल प्रकाराचा अपवर्तनांक साधारण २.७ आहे आणि भोवतालच्या बाइंडरचा साधारण १.५. या मोठ्या तफावतीमुळे प्रकाश कणांवरून जोरात विखुरतो आणि थर पांढरा दिसतो. कणाचा आकार ०.२ ते ०.३ मायक्रॉनच्या आसपास असला की दृश्य प्रकाशाचं विखुरणं सगळ्यात चांगलं होतं.

थर पुरेसा अपारदर्शक आहे का, हे डोळ्याने ठरवू नका. रंग-उद्योगातली जुनी पद्धत वापरा. तोच पांढरा थर एकदा काळ्या आणि एकदा पांढऱ्या कापडावर दाबा. दोन्हीकडचं परावर्तन मोजा आणि काळ्यावरच्या आकड्याला पांढऱ्यावरच्या आकड्याने भागा. उत्तर ०.९८ च्या वर असेल तर खालचं कापड पूर्ण झाकलं गेलं असं मानतात. ०.८ आलं तर काळा टी-शर्ट वरच्या प्रत्येक रंगातला प्रकाश खातोय.

मग पांढराच भरमसाठ का छापू नये? कारण त्यालाही माथा आहे. जास्त पांढरा म्हणजे जाड, कडक प्रिंट, जी ताणली की तडकते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खालची रंगीत शाई ओली असतानाच वर भरपूर पांढरी पडली, तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. मग पांढरे कण रंगाच्या थरातच जाऊन बसतात आणि प्रकाश रंगातून पुरता जाण्याआधीच त्याला माघारी फिरवतात. एल वाढतो, क्रोमा पडतो, रंग दुधाळ होतो. अशा वेळी पांढरा कमी करणं किंवा फिल्मखालच्या हीटरची उष्णता वाढवून रंग थोडा सुकू देणं, हा उपाय आहे. दुधाळ आणि मळकट वेगळे ओळखायचे का, ते इथे कळतं. मळकटाला पांढरा वाढवावा लागतो, दुधाळाला कदाचित कमी करावा लागतो.

पांढरी शाई तळाला बसते, आणि तुमचा प्रयोग बिघडवते

रूटाइलची घनता साधारण ४.२ आहे, म्हणजे पाण्याच्या चौपटीहून जास्त. हे कण खाली बसणारच. किती वेगाने? स्टोक्सचा नियम लावू. कणाचा व्यास ०.२५ मायक्रॉन, घनतेतला फरक ३.२ आणि शाई पाण्याच्या पाचपट घट्ट धरली तर वेग येतो दिवसाला साधारण २ मिलिमीटर. शनिवारी संध्याकाळी बंद केलेलं यंत्र सोमवारी सकाळी सुरू केलं, तर वरचा ३ मिलिमीटरचा थर विरळ झालेला असतो. गणपतीत दहा दिवस दुकान बंद राहिलं तर २ सेंटिमीटर. वेग व्यासाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे, कण एकमेकांना चिकटून व्यास दुप्पट झाला की वेग चौपट होतो.

रंगीत शाईचं असं का होत नाही? तिच्यातली सेंद्रिय रंगद्रव्यं हलकी असतात, घनता साधारण १.५. कण ०.१ मायक्रॉनच्या आसपास धरले तर त्यांचा वेग पांढऱ्याच्या चाळिसाव्या हिश्शावर येतो. म्हणून डीटीएफ यंत्रात पांढऱ्यासाठी वेगळी ढवळणी आणि शाई फिरती ठेवणारा पंप असतो. ढवळणी बंद पडली तरी यंत्र छापत राहतं, नोझल चेकही स्वच्छ येतो. फक्त थेंबात टायटॅनियम कमी असतं.

संशोधक म्हणून यातून काय घ्यायचं? समजा तुम्ही सोमवारी सकाळी १५० अंशाचे सगळे नमुने छापले आणि दुपारी १६५ अंशाचे. दुपारचे जास्त खुललेले आले. श्रेय तापमानाला द्यायचं, की तोवर ढवळल्या गेलेल्या पांढऱ्या शाईला? दोन कारणं एकाच वेळी बदलली, त्यामुळे आता कुठलाही आकडा तुम्हाला याचं उत्तर देऊ शकत नाही. म्हणून नमुन्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. पुस्तकातलं 'रँडमायझेशन' म्हणजे हेच, आणि त्यामागचं एक ठोस कारण शाईच्या टाकीच्या तळाशी बसलेलं आहे.

वरचा पृष्ठभाग

पावसात भिजलेला दगड जास्त गडद, जास्त रंगीत दिसतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. दगड तोच आहे, त्याचा पृष्ठभाग बदलला. प्रिंटचंही काहीसं तसंच आहे.

१.५ अपवर्तनांकाच्या पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश आत न शिरताच परत फिरतो. हा प्रकाश रंगीत नसतो, पांढराच असतो. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर तो एकाच दिशेला जातो आणि आपण मान जरा वळवून तो टाळतो. खडबडीत असेल तर तो सगळीकडे पसरतो आणि रंगात मिसळतो. मघाचे आकडे घ्या: लाल ७३, निळा ३.६, म्हणजे वीसास एक. दोघांत ४ मिळवा: ७७ आणि ७.६. आता दहास एक. चार टक्के पांढऱ्या प्रकाशाने रंगाचं प्रमाण निम्मं केलं. गडद रंगांना हा फटका सगळ्यात जास्त बसतो, कारण त्यांच्याकडे मुळात प्रकाशच कमी असतो.

म्हणून फिल्म सोलल्यावर वर योग्य कागद ठेवून दुसऱ्यांदा प्रेस केलं की पृष्ठभाग सपाट होतो आणि रंग खोल दिसतो. याला शाई लागत नाही, काही सेकंद लागतात.

इथे मोजणीचा एक सापळा आहे. ४५/० रचनेचं स्पेक्ट्रोफोटोमीटर गुळगुळीत पृष्ठभागावरची चकाकी टाळून मोजतं, म्हणजे साधारण आपल्या डोळ्यासारखं. गोलाच्या रचनेचं उपकरण 'चकाकी धरून' या सेटिंगवर ठेवलं, तर पृष्ठभागावरचे ते ४ टक्के दोन्ही वेळा मोजले जातात. ते तुम्हाला सांगेल की दुसऱ्या प्रेसने काही विशेष फरक पडला नाही. उपकरण खोटं बोलत नाही, ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतं. म्हणून प्रबंधात नुसतं "रंग मोजला" लिहू नका. रचना, प्रकाशस्रोत, निरीक्षक कोन आणि कापडामागे काय ठेवलं होतं, हे चारही लिहा. छपाईच्या क्षेत्रात डी५० आणि २ अंश वापरतात, कापडाच्या क्षेत्रात डी६५ आणि १० अंश. डीटीएफ या दोन्ही क्षेत्रांच्या सीमेवर आहे, त्यामुळे हे न लिहिलेले आकडे दुसऱ्या कुणाच्या आकड्यांशी ताडून बघताच येत नाहीत.

फाइल, रिप आणि न मिळणारे रंग

काही रंग छपाईत मिळतच नाहीत. स्क्रीन स्वतः प्रकाश टाकते, त्यामुळे तिथला झगझगीत हिरवा किंवा विजेसारखा निळा चार शायांच्या आवाक्याबाहेर असतो. हायलायटर पेनासारखे फ्लुओरेसंट रंग तर अतिनील प्रकाशाचं दृश्य प्रकाशात रूपांतर करतात. ते साध्या सीएमवायके शाईतून कधीच येणार नाहीत, त्यासाठी वेगळी शाई लागते. ग्राहकाला हे छापण्याआधी दाखवणं, हाही रंग-व्यवस्थापनाचाच भाग आहे.

निळ्याचं जांभळं होणं मात्र बऱ्याच अंशी टाळता येतं. गडद निळा सायन आणि मॅजेंटा मिळून होतो, आणि मॅजेंटा जरा जास्त झाला की रंग लगेच जांभळ्याकडे जातो. दोघांत किमान ३० टक्क्यांचा फरक ठेवायचा, असा डिझायनरांचा जुना ठोकताळा आहे. यामागे गणिताचंही एक कारण आहे. सीआयईलॅबमध्ये निळ्या भागात 'रंगछटा तीच ठेवून क्रोमा कमी करा' असं केलं, तर डोळ्याला ती छटा तीच न वाटता जांभळी वाटते. म्हणून आवाक्याबाहेरचा निळा आत ओढताना सॉफ्टवेअर त्याला नकळत जांभळं करू शकतं. ही त्या पद्धतीची माहीत असलेली मर्यादा आहे. कुठलंही माप वापरताना त्याची अशी दुखरी जागा कुठे आहे, ते आधी शोधून ठेवावं.

रिप सॉफ्टवेअरमधला क्रमही महत्त्वाचा आहे. आधी प्रत्येक शाईची वेगळी मर्यादा, मग लिनिअरायझेशन, मग एकूण शाईची मर्यादा, आणि शेवटी आयसीसी प्रोफाइल. मर्यादा ठरवताना वरचा माथा आठवा: प्रत्येक रंगाच्या १० ते १०० टक्क्यांच्या पट्ट्या छापा, क्रोमा मोजा आणि तो वाढायचा थांबतो तिथे हात आखडा. दुसऱ्या शाईसाठी किंवा दुसऱ्या फिल्मसाठी केलेलं प्रोफाइल डाउनलोड करून वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावण्यासारखं आहे.

मर्यादेपेक्षा जास्त शाई गेली की आणखी एक त्रास होतो. शाईतलं पाणी उडतं, पण ग्लिसरीनसारखी सावकाश उडणारी द्रव्यं आत अडकून राहतात आणि नंतर पृष्ठभागावर तेलकट थर येतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हा त्रास वाढतो, शिवाय दमट हवेत पावडर नको तिथेही चिकटते. विदर्भातल्या उन्हाळ्यात उलटं होतं: हवा कोरडी, फिल्मवर स्थिर वीज, आणि नोझल सुकतात. खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्के ठेवा असं सांगतात ते यासाठी. प्रयोग करत असाल तर प्रत्येक नमुन्यासोबत आर्द्रता लिहून ठेवा.

कापडाचा वाटा

सुती कापडावरचा प्रिंट चांगला आला आणि लाल पॉलिस्टरवर तोच पांढरा दुसऱ्या दिवशी गुलाबी झाला, तर दोष शाईचा नाही. पॉलिस्टर ज्या डिस्पर्स रंगांनी रंगवतात ते उष्णतेने सुटे होतात आणि वरच्या थरात झिरपतात. इथे तापमान कमी ठेवणं किंवा रंग अडवणारी काळी पावडर वापरणं, हे उपाय आहेत. हा बदल काही तासांनी, कधी काही दिवसांनी दिसतो. म्हणून 'छापल्यावर लगेच मोजलं' एवढं पुरत नाही. मोजणीची वेळही ठरवून घ्या, सगळ्या नमुन्यांना एकच.

आता प्रयोग मांडू

समजा तीन घटक तपासायचे आहेत: पांढऱ्याचं प्रमाण, फिल्मखालची उष्णता आणि दुसरा प्रेस. प्रत्येकाच्या दोनच पातळ्या घेतल्या तर २ × २ × २ म्हणजे ८ जोड्या होतात. प्रत्येक जोडी तीनदा छापली की २४ नमुने. एका दिवसाचं काम आहे.

"एका वेळी एकच गोष्ट बदला" हा सल्ला दुकानातला बिघाड शोधायला योग्य आहे. संशोधनात तो अपुरा पडतो, कारण घटक एकमेकांवर परिणाम करतात. पांढरा वाढवल्याचा फायदा उष्णता जास्त असेल तरच मिळत असेल, कमी उष्णतेला उलट रंग दुधाळ होत असेल. एकेक बदलून हे दिसत नाही, आठही जोड्या छापल्या की दिसतं.

त्याआधी दोन छोट्या चाचण्या करा. एकच पट्टी दहा वेळा मोजा. मग तीच पट्टी दहा वेळा छापून प्रत्येक एकदा मोजा. पहिल्या चाचणीतला चढ-उतार उपकरणाचा, दुसऱ्यातला उपकरण आणि प्रिंटर दोघांचा. तुमच्या 'सुधारणेचा' आकडा या चढ-उतारापेक्षा लहान असेल तर ती सुधारणा नाही. डोळ्याचाही अंदाज असू द्या: शेजारी ठेवलेल्या दोन रंगांत सीआयईडीई २००० सूत्राने साधारण १ चा फरक आला, तर तो जेमतेम ओळखू येतो.

मोबाइलच्या फोटोवरून आकडे काढू नका. कॅमेरा प्रत्येक फोटोला उजेड आणि पांढरा समतोल स्वतःच बदलतो. स्पेक्ट्रोफोटोमीटर नसेल तर जवळच्या टेक्स्टाइल किंवा प्रिंटिंग कॉलेजात विचारा. तेही जमत नसेल तर प्रमाणित उजेडात आयएसओ १०५-ए०२ ची ग्रे स्केल घेऊन फरक नोंदवा. आणि खुललेला रंग धुण्यात टिकतो का, हे आयएसओ १०५-सी०६ प्रमाणे तपासा. पहिल्या दिवशी भडक आणि पाचव्या धुण्याला उदास, असा रंग घालणाऱ्याच्या काय कामाचा?

प्रश्न कसा लिहायचा

आता दोन वाक्यं शेजारी ठेवा.

पहिलं: "डीटीएफ प्रिंटची गुणवत्ता सुधारणे."

दुसरं: "काळ्या सुती कापडावर पांढऱ्या थराचं झाकण्याचं प्रमाण ०.८५ वरून ०.९५ वर नेलं, तर मॅजेंटा-पिवळ्यातून येणाऱ्या भगव्याचा क्रोमा किती वाढतो, आणि पाच धुण्यांनंतर त्यातला किती उरतो?"

पहिल्यावर कुणी हरकत घेणार नाही, पण त्याचं उत्तरही कधी येणार नाही. दुसऱ्यात कापड आहे, रंग आहे, बदलायची गोष्ट आहे, मोजायची गोष्ट आहे आणि टिकाऊपणाही आहे. ते चुकीचं ठरू शकतं, आणि म्हणूनच ते तपासण्यासारखं आहे.

आणि ज्याची ऑर्डर अडली आहे त्या दुकानदाराला आज काय सांगायचं? या क्रमाने तपासायला सांगा: पांढरी शाई ढवळा, नोझल चेक काढा, नुसता पांढरा थर काळ्या कापडावर दाबून बघा, दुसरा प्रेस द्या, मग प्रोफाइल बघा. शाईची मर्यादा सगळ्यात शेवटी, आणि तिथेही आधी ती थोडी कमी करून बघा. या यादीतल्या पहिल्या चार गोष्टींचा खर्च जवळपास शून्य आहे, आणि प्रत्येकीमागचं कारण तुम्ही आता कागदावर मांडून दाखवू शकता.